हलत्या चित्राचे ओझे



गेला आठवडाभर या मंडपात आपण ज्ञानेश्वरीतील उपमांपासून कालव्याच्या पाणीवाटपापर्यंत नाना विषय ऐकलेत. त्या भरल्या ताटात माझा विषय म्हणजे कोपऱ्यात वाढलेली मिठाची चिमूट. पत्रिकेत त्याचे नाव वाचून आमच्या आळीतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला रस्त्यातच हटकले. म्हणाले, "अहो, चित्राला कसले आले आहे ओझे? ते काय डोक्यावरून वाहून न्यावयाचे असते?" मी म्हणालो, "होय अण्णा, वाहूनच न्यावयाचे असते. फक्त डोक्यावरून नव्हे, हवेतून. आणि त्याची हमाली आपल्यालाच भरावी लागते." त्यांना ते पटलेले दिसले नाही. आज ते पहिल्या रांगेत बसले आहेत. तेव्हा माझे अर्धे व्याख्यान त्यांच्यासाठी आहे असे समजा.

सकाळी डोळे उघडावेत तो आपल्या मोबाइलवर कोणीतरी 'शुभ सकाळ' पाठविलेली असते. त्यात गुलाब उमलतो, पणतीची ज्योत थरथरते, चहाच्या कपातून वाफ निघते, आणि संपले की पुन्हा पहिल्यापासून तेच सुरू होते. त्याला आवाज नसतो आणि कळही दाबावी लागत नाही. अशा हलत्या चित्रांचा सर्वांत जुना आणि सर्वांत पसरलेला प्रकार म्हणजे गिफ. अमेरिकेतील कॉम्प्युसर्व्ह या कंपनीत स्टीव्ह विल्हाइट आणि त्यांचे सहकारी यांनी तो १९८७ साली तयार केला. स्वतः विल्हाइट त्याचा उच्चार 'जिफ' असा करीत आणि २०१३ साली एक सन्मान स्वीकारताना त्यांनी तसे जाहीरही केले. पण जगातील पुष्कळ लोकांनी त्यांचे ऐकले नाही. मुलाचे नाव बापाने एक ठेवावे आणि आळीने दुसरेच हाक मारावे, हा प्रकार आपल्याला अपरिचित नाही. मीही 'गिफ'च म्हणणार आहे.

मी या विषयाकडे वळलो तो हौसेने नव्हे, एका चुकीमुळे. आणि ती चूक माझी स्वतःची होती. म्हणून आधी ती सांगतो.

काही वर्षांपूर्वी डोंगराकडील पाड्यांवर काम करणाऱ्या आमच्या काही मित्रांनी मला एक काम सांगितले. पावसाळ्यात तेथे लहान मुलांना हगवण लागते. अशा वेळी शरीरातील पाणी भरून काढणारी जलसंजीवनी वेळेवर पोटात गेली तर मूल वाचते. १९७१ साली बांगलादेशातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच उपायाने असंख्य जीव वाचविले, हे आता सर्व जग जाणते. जलसंजीवनीचे तयार पाकीट मिळत असेल तर तेच वापरावे. ते हाताशी नसेल तेव्हा एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ घालावे, हे घरगुती प्रमाण आहे. ते चुकता कामा नये. मीठ प्रमाणाबाहेर झाले तर ते लहान मुलाला अपायकारक ठरते. हे प्रमाण वाचता न येणाऱ्या आईलाही समजावे असे हलते चित्र आशाताईंच्या मोबाइलवर पाठवावयाचे, एवढेच ते काम होते.

मी उत्साहाने माझ्याच स्वयंपाकघरात कॅमेरा हातात धरून बारा सेकंदांचे चित्र घेतले. मिठाच्या बरणीला लाल झाकण, साखरेच्या बरणीला केशरी. चमचा सहा वेळा वाकतो, मग मीठ पडते, मग पाणी ढवळले जाते. चित्र पाहून घरच्यांनी वाहवा केली. मी ते पाठविले. आठ दिवसांनी निरोप आला की चित्र कोणाच्याही मोबाइलवर उघडत नाही. नुसते चक्र फिरत राहते. मी चित्राचे वजन पाहिले तर ते आठ मेगाबाइट भरले!

आता हे ओझे कोठून येते, त्याचा हिशोब आपण मांडू या. संगणकाचे चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. माझे चित्र ४८० ठिपके रुंद आणि २७० ठिपके उंच होते. म्हणजे एका चौकटीत १,२९,६०० ठिपके झाले. चलच्चित्र हे मुळी अनेक स्थिर चौकटींचे बनलेले असते, हे महाराष्ट्राला कोणी नव्याने शिकवावयास नको. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणण्यापूर्वी दादासाहेब फाळके यांनी कुंडीतील वाटाण्याचे रोप चौकट चौकट टिपून त्याची वाढ डोळ्यांपुढे उभी केली होती. माझ्या चित्रात सेकंदाला दहा चौकटी होत्या. बारा सेकंदांच्या १२० झाल्या. प्रत्येक ठिपक्याचा रंग जशाचा तसा लिहावयाचा तर तांबडा, हिरवा व निळा या तिघांना एकेक बाइट, म्हणजे तीन बाइट लागतात. सगळा गुणाकार केला तर सुमारे ४ कोटी ६६ लाख बाइट होतात. बारा सेकंद हललेल्या एका चमच्याची ही किंमत!

गिफच्या कर्त्यांनी हे ओझे हलके करण्याच्या दोन युक्त्या मुळातच योजून ठेवल्या आहेत. त्या वेळी टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला जेमतेम १२०० किंवा २४०० बिट जात. आठ बिट म्हणजे एक बाइट, हे लक्षात घेतले तर त्यांना काटकसर का सुचली हे कळेल. गरज ही शोधाची जननी आहे, ती येथेही होती.

पहिली युक्ती रंगांच्या पेटीची. प्रत्येक ठिपक्याचा रंग पुनःपुन्हा वर्णन करण्याऐवजी आरंभी २५६ रंगांची एक पेटी ठरवावयाची आणि पुढे प्रत्येक ठिपक्यापाशी नुसता पेटीतला क्रमांक लिहावयाचा. तीन बाइटांचे काम एका बाइटात होते. माझे चित्र एवढ्यानेच सुमारे १ कोटी ५५ लाख बाइटांवर आले.

दुसरी युक्ती पुनरुक्ती टाळण्याची. अभंगाच्या पुस्तकात ध्रुपद एकदाच छापतात. ते प्रत्येक कडव्यानंतर म्हणावयाचे हे गाणाऱ्याला ठाऊक असते. वाण्याच्या वहीत तीच वस्तू पुन्हा आली की तो नुसता 'कित्ता' लिहितो. हेच काम संगणकासाठी अब्राहम लेंपेल आणि जेकब झिव्ह या दोन संशोधकांनी १९७७ व १९७८ साली शास्त्रशुद्ध रीतीने मांडले, आणि १९८४ साली टेरी वेल्च यांनी त्यात सुधारणा केली. तिघांच्या आद्याक्षरांवरून त्या रीतीला एलझेडडब्ल्यू म्हणतात. तिचे रहस्य असे. ठिपके ओळीने वाचता वाचता यंत्र आढळलेल्या क्रमांचा एक कोश तयार करीत जाते. तोच क्रम पुन्हा आला की तो सारा न लिहिता कोशातील त्याचा अंक तेवढा लिहिते. गंमत अशी की कोश वेगळा पाठवावाच लागत नाही. घेणारे यंत्र आलेल्या अंकांवरून तोच कोश आपल्यापाशी पुन्हा बांधते. गिफमध्ये या कोशात ४,०९६ नोंदी मावतात. या रीतीत एकही ठिपका गमावला जात नाही, हे लक्षात ठेवा.

ही रीत इतकी उपयुक्त ठरली की तिच्यावरून तंटाही माजला. तिचे पेटंट अमेरिकेत १९८५ साली दिले गेलेले होते आणि पुढे ते युनिसिस या कंपनीकडे आले. गिफ जगभर रुळल्यावर, १९९४ च्या डिसेंबरात, गिफ वापरणाऱ्या प्रोग्रामांच्या कर्त्यांकडून परवान्याचे पैसे घेतले जाणार हे जाहीर झाले. वहिवाटीच्या रस्त्यावर अचानक जकातनाका उभा राहावा तसे लोकांना वाटले. त्यातूनच पीएनजी हा सर्वांना मोकळा असलेला चित्रप्रकार जन्माला आला. पेटंटाची मुदत अमेरिकेत २००३ साली आणि अन्यत्र २००४ साली संपली. आज गिफ वापरण्यास कोणाचा अडसर नाही.

तर मग प्रश्न असा की, एवढ्या युक्त्या आतच असताना माझे चित्र आठ मेगाबाइटांवरच का अडले? कारण ही दुसरी युक्ती सपाट, स्वच्छ रंगाला प्रसन्न होते आणि गोंधळाला रुसते. कॅमेऱ्याने टिपलेली भिंत आपल्या डोळ्यांना एकरंगी दिसते; पण ठिपका ठिपका पाहिला तर तिच्यात शेकडो छटांची वाळू पसरलेली असते. जेथे दोन ओळी सारख्या नाहीत तेथे 'कित्ता' कशाला म्हणावयाचे? शिवाय कॅमेरा माझ्या हातात होता आणि हात कापत होता. म्हणून हलत होता फक्त चमचा, पण बदलत होते प्रत्येक चौकटीतील जवळजवळ सर्व ठिपके. पंधरा मेगाबाइटांचे आठ झाले तेच पुष्कळ.

ज्या पाड्यावर चित्र जावयाचे होते तेथे सेकंदाला ४० किलोबिट मिळतात असे धरा. त्या वेगाने आठ मेगाबाइट उतरावयास साडेसव्वीस मिनिटांहून अधिक लागतात, तेही मध्ये खंड पडला नाही तर. आणि खंड तर पडणारच. मूल आजारी आहे, आई दाराशी उभी आहे आणि आशाताई टेकडीवर चढून मोबाइल आभाळाकडे धरीत आहेत, असे ते दृश्य होते. चित्राचे ओझे कोणी वाहावयाचे असते, अण्णा, ते यावरून कळेल. पाठविणाऱ्याला ते जाणवत नाही. ते घेणाऱ्याच्या खांद्यावर पडते.

मग मी चित्र कापावयास बसलो, आणि येथेच माझी खरी चूक घडली. हलत्या चित्राचे वजन कमी करण्याचे तीन सरळ मार्ग आहेत: चित्र लहान करणे, रंग कमी करणे आणि चौकटी कमी करणे. तिन्ही खरे आहेत, आणि तिन्ही मी डोळे मिटून वापरले.

चित्राची लांबी-रुंदी दोन्ही निम्म्या केल्या तर ठिपके चौथ्या हिश्श्यावर येतात. हा सर्वांत मोठा नफा. मी तो घेतला. पण बरणीवर मी 'मीठ' असे लिहिले होते. देवनागरीत काना, वेलांटी, अनुस्वार हे अक्षराच्या अंगावरचे बारीक दागिने. चित्र लहान होताच आधी तेच गळतात. 'मीठ' हा शब्द नुसता डाग झाला.

पुढे रंग. २५६ रंगांच्या जागी १६ ठेवले तर प्रत्येक ठिपक्याला आठऐवजी चार बिट पुरतात, आणि रंग थोडे असले की पुनरुक्तीही वाढते. परंतु पेटीत कोणते सोळा रंग ठेवावयाचे? हे ठरविण्याची एक प्रसिद्ध रीत पॉल हेकबर्ट यांनी १९८२ साली प्रसिद्ध केली. तिच्यात आणि तिच्यासारख्या अनेक रीतींत ज्या छटांचे ठिपके अधिक त्यांना पेटीत जागा अधिक मिळते. हा बहुमताचा कारभार झाला. माझ्या चित्रात बहुमत भिंतीचे आणि ओट्याचे होते. त्यांना डझनभर छटा मिळाल्या, आणि लाल व केशरी या दोन इवल्याशा झाकणांना मिळून एकच विटकरी रंग वाट्यास आला. मीठ कोणते आणि साखर कोणती हे सांगणारी शेवटची खूणही पुसली गेली.

रंग कमी झाले की चित्रावर पट्टे उमटतात. ते झाकण्यासाठी दोन रंगांचे ठिपके एकमेकांत विखरून तिसऱ्या रंगाचा भास निर्माण करतात. फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांची १९७६ सालची रीत यासाठी फार वापरली जाते. स्थिर चित्राला ती शोभते. हलत्या चित्रात मात्र तिचे दोन दोष दिसतात. विखुरलेल्या ठिपक्यांत पुनरुक्ती राहत नाही, म्हणून वजन वाढते. आणि एका कोपऱ्यात थोडा बदल झाला की ठिपक्यांची मांडणी पुढे दूरवर बदलत जाते, म्हणून न हलणारी भिंतही मुंग्या आल्यासारखी वळवळू लागते. याऐवजी रांगोळीच्या कागदावरील छिद्रांसारखी ठरावीक जागांची मांडणी वापरली तर ती चौकटीगणिक बदलत नाही आणि वजनही आटोक्यात राहते. मला हे तेव्हा ठाऊक नव्हते.

तिसरा मार्ग चौकटी गाळण्याचा. मी दर दहा चौकटींतील एकच ठेवली. १२० च्या १२ झाल्या. वजन इतके उतरले की मी स्वतःची पाठ थोपटून घेतली आणि चित्र पाठवून दिले. या वेळी ते उघडले.

दोन दिवसांनी एका आशाताईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही बैठकीत सहा चमचे सांगितलेत. चित्रात चारच पडतात. मी तीनदा मोजले. बायांना कोणते खरे म्हणून सांगू?"

बंधुभगिनींनो, मी त्या फोनवर किती वेळ गप्प होतो कोण जाणे. चमचा प्रत्येक वेळी अर्ध्या सेकंदापेक्षा थोडाच अधिक काळ वाकलेला दिसत होता. मी सेकंदाला एकच चौकट ठेवली, तेव्हा सहांपैकी दोन चमचे दोन चौकटींच्या फटीत पडले आणि नाहीसे झाले. यंत्राचा काही दोष नव्हता. त्याला मी चौकटी गाळ म्हणालो, त्याने गाळल्या. चमचे मोजावयाचे आहेत हे त्याला कोणी सांगितले होते? त्या बाईंनी मोजले म्हणून अनर्थ टळला. त्यांनी तो निरोप कोणालाही दाखविण्याआधी मला विचारले होते, हे माझे भाग्य.

त्या दिवशी मला जे समजले ते एवढेच: ओझे कमी करणे म्हणजे काय टाकावे हे ठरविणे नव्हे; आधी काय राहिलेच पाहिजे हे ठरविणे होय. आपल्या वडिलांच्या पिढीला हे तारेने शिकविले होते. तारेला शब्दागणिक पैसे पडत. तार करणारा मनुष्य आधी स्वतःला विचारी, की कोणता शब्द गेला तर अर्थ जाईल? तो शब्द ठेवून बाकीचे तो खोडी. २०१३ च्या जुलैमध्ये आपल्या देशातील तारसेवा बंद झाली. पण तो प्रश्न बंद झालेला नाही.

मी नव्याने बसलो आणि या वेळी कात्री घेण्याआधी कागद घेतला. राहिलेच पाहिजे असे काय आहे? सहा ही संख्या, अर्धा चमचा, दोन बरण्यांतील भेद आणि क्रम. स्वयंपाकघराची भिंत नाही, माझ्या बोटातील अंगठी नाही, चमच्याची डौलदार हालचालही नाही.

मग कॅमेरा बाजूस ठेवून मी साधी, सपाट रंगांची चित्रे काढली. पार्श्वभूमी एकच आणि अगदी स्थिर. ही कल्पना काही नवी नव्हे. व्यंगपट काढणाऱ्या अमेरिकेतील कलावंतांनी १९१४-१५ च्या सुमारासच ती शोधली होती: मागचा देखावा एकदाच रंगवावयाचा आणि हलणारे पात्र तेवढे पारदर्शक पत्र्यावर काढून त्यावर ठेवावयाचे. गिफमध्ये हीच सोय आहे. पहिली चौकट पूर्ण द्यावी. पुढची चौकट जेवढा भाग बदलला तेवढ्याच आयताची देता येते. त्या आयताच्या आतही जे ठिपके बदललेले नाहीत त्यांना 'पारदर्शक' अशी खूण करावी, म्हणजे खालचे जुने ठिपके तसेच दिसत राहतात आणि त्या खुणांच्या लांबच लांब रांगांना एका 'कित्ता'त गुंडाळता येते. दूरगावच्या मुलाने घरी पत्र लिहावे तसे हे आहे: 'इकडील सर्व क्षेम' एवढ्यात सारे जुने आले; पुढे लिहावयाचे ते जे नवे घडले तेवढेच.

आणखी एक सोय मला तोपर्यंत दिसलीच नव्हती. गिफमध्ये प्रत्येक चौकट किती वेळ दाखवावयाची हे सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत वेगवेगळे लिहून ठेवता येते. दीड सेकंद स्थिर दाखविण्यासाठी पंधरा सारख्या चौकटी पाठविण्याचे कारणच नाही. एक चौकट पाठवावी आणि शेजारी दीड सेकंद असे लिहावे. थांबण्याला वजन नसते. तेव्हा मी प्रत्येक चमच्याला दोनच चौकटी दिल्या, एक भरलेल्या चमच्याची व एक पालथ्या चमच्याची, आणि पालथ्या चमच्याबरोबर त्याचा आकडा मोठ्या अक्षरात उमटविला. सहा चमच्यांच्या बारा, मिठाच्या दोन, पाण्याच्या दोन, शेवटची एक आणि आरंभीची पूर्ण अशा एकंदर अठरा चौकटी झाल्या.

आता हिशोब पाहा. आरंभीच्या पूर्ण चौकटीचे १,२९,६०० ठिपके. उरलेल्या सतरा चौकटींचा बदलणारा भाग १६० रुंद आणि १२० उंच, म्हणजे प्रत्येकी १९,२०० ठिपके. एकंदर बेरीज ४,५६,०००. पूर्वी हीच संख्या दीड कोटीच्या वर होती. रंग मी बत्तीस ठेवले, आणि लाल व केशरी हे दोन स्वतःच्या हाताने पेटीत बसविले. त्यांचा प्रश्न बहुमतावर सोडला नाही. बत्तीस रंगांना ठिपक्यामागे पाच बिट लागतात. त्या मापाने २,८५,००० बाइट झाले. सपाट रंगामुळे एलझेडडब्ल्यूला भरपूर पुनरुक्ती सापडली आणि चित्र शंभर किलोबाइटांच्या आत आले. त्याच पाड्यावर, त्याच वेगाने, वीस सेकंदांत ते उतरते. आकार मात्र मी लहान केला नाही. 'मीठ' या शब्दाची वेलांटी शाबूत आहे.

हे सारे हातानेच करावे लागते असे मात्र नाही. एडी कोहलर यांचे गिफसिकल नावाचे फुकट मिळणारे साधन बदललेले आयत शोधणे, पारदर्शक खुणा करणे, पेटी आवरणे ही कामे स्वतः करते. अगदी तंतोतंत नव्हे पण जवळजवळ तोच क्रम आढळला तरी 'कित्ता' म्हणण्याची सवलतही त्यात देता येते; तिने वजन आणखी उतरते आणि चित्र थोडे खरबरीत दिसते. किती खरबरीत चालेल ते पाहणाऱ्याने ठरवावयाचे. हवे तेवढेच घ्यावे, आणि प्रत्येक कपातीनंतर चित्र पुन्हा मोजून पाहावे.

येथे कोणी विचारील, की ज्यांना खरोखरच कॅमेऱ्याचे चित्र पाठवावयाचे आहे त्यांनी काय करावे? नातवाचे पहिले पाऊल सपाट रंगांत काढून चालणार नाही. अगदी बरोबर. अशा चित्रासाठी गिफचा हट्ट धरू नये. त्याचा लहानसा मुका व्हिडिओ करावा. २००३ साली मान्य झालेल्या एच.२६४ सारख्या व्हिडिओ रीतीत केवळ 'हा भाग बदलला' एवढेच सांगत नाहीत. 'मागच्या चौकटीतील हा तुकडा इतका डावीकडे सरकला' असेही सांगतात, आणि डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारकावे सोडून देतात. कॅमेऱ्याने घेतलेले तेच दृश्य त्या रीतीने गिफच्या मानाने पुष्कळ हलके होते. म्हणूनच २०१४ साली ट्विटरने गिफ स्वीकारण्यास आरंभ केला तेव्हा आलेली गिफ आतल्या आत व्हिडिओत बदलून दाखविण्याची व्यवस्था ठेवली. वेबपी आणि हलते पीएनजी असे नवे प्रकारही आहेत. हलते पीएनजी तर २०२५ साली पीएनजीच्या अधिकृत नियमांतच समाविष्ट झाले. गिफची थोरवी एवढीच की ते जुन्यातल्या जुन्या यंत्रावरही बहुधा उघडते. रेखाचित्र, आकडे, अक्षरे, खुणा यांच्यासाठी गिफ. कॅमेऱ्याच्या दृश्यासाठी व्हिडिओ. एवढा विवेक ठेवला तरी पुष्कळ झाले.

आपण सारे रोज काही ना काही पाठवितो. पाठविणे फुकट झाले आहे असे आपल्याला वाटते, म्हणून आपण मोजत नाही. पण आपल्या 'शुभ सकाळ'चे ओझे कोणाच्या तरी लहानशा मोबाइलवर साचते. एक दिवस तो भरतो, आणि नेमका दवाखान्याचा निरोप उतरावयास जागा उरत नाही. माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत हे घडलेले मी पाहिले आहे. तिच्या मोबाइलवर हललेल्या पणत्या इतक्या होत्या की तपासणीचा कागद उतरेना. त्यातील निम्म्या पणत्या मीच पाठविलेल्या होत्या.

म्हणून जाता जाता तीन गोष्टी सांगतो. त्या लक्षात राहिल्या तर माझे तासभर बोलणे सार्थकी लागेल. चित्र घेताना कॅमेरा स्थिर ठेवा, कारण अर्धी काटकसर तेथेच होते. कापण्याआधी काय राहिलेच पाहिजे ते कागदावर लिहून काढा. आणि कापून झाल्यावर चित्र अशा माणसाला दाखवा, की ज्याला आपण काय सांगणार आहोत हे आधी ठाऊक नाही, मग त्याला विचारा, "किती चमचे पडले?"

तो सहा म्हणाला, तर चित्र हलके झाले असे समजावे. चार म्हणाला, तर ते हलके झालेले नाही, चुकीचे झालेले आहे. त्या आशाताई आजही माझी प्रत्येक नवी चित्रे सर्वांआधी पाहतात आणि मोजतात. माझ्यापाशी संगणक आहेत, साधने आहेत. पण त्या मोजणीला पर्याय मला अजून सापडलेला नाही.